समूहाच्या भावना स्पॅनिशमध्ये सांगताना: विशेषणाचा शेवट कसा ठरवावा

‘लोक आनंदात आहेत’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये सांगायला घेतले की एरवी बऱ्यापैकी बोलू शकणारा मराठी विद्यार्थीही पटकन ‘ला खेन्ते एस्तान कोन्तेन्तोस’ असे म्हणून जातो. यातला प्रत्येक शब्द ओळखीचा आहे आणि क्रमही बरोबर आहे, तरी वाक्य चुकलेले आहे. बरोबर वाक्य ‘ला खेन्ते एस्ता कोन्तेन्ता’ असे होते, म्हणजे क्रियापद एकवचनी आणि विशेषण एकवचनी, शिवाय स्त्रीलिंगी. शेकडो माणसांविषयी बोलताना विशेषण एका स्त्रीलिंगी वस्तूविषयी बोलल्यासारखे का वागते, हे एकदा नीट समजले की समूहाच्या भावनांविषयीची निम्मी अडचण दूर होते.

भावना सांगणाऱ्या शब्दांची यादी पाठ करणे फारसे अवघड नाही. अडते ते शब्दाच्या शेवटाशी. आपल्याकडे स्पॅनिश बहुतेक ठिकाणी इंग्रजीच्या आधाराने शिकवली जाते आणि इंग्रजीत विशेषण कधीच बदलत नसल्यामुळे ते बदलणे ही काहीतरी परकी, लक्षात ठेवून करायची गोष्ट आहे असा समज होतो. वास्तविक ‘घाबरलेला, घाबरलेली, घाबरलेले, घाबरलेल्या’ असे शेवट आपण रोज विचार न करता बदलत असतो. म्हणून या लेखात इंग्रजी बाजूला ठेवून मराठीच्या आधाराने पुढे जाऊ. जिथे मराठी साथ देते तिथे ती घेऊ आणि जिथे मराठीची सवयच चुकीकडे नेते तिथे थांबून नीट पाहू.

उच्चारांविषयी आधी थोडेसे. स्पॅनिश शब्द येथे देवनागरीत दिले आहेत आणि उच्चार लॅटिन अमेरिकेतला धरला आहे. स्पेनच्या बऱ्याच भागात ‘फेलिस’ऐवजी ‘फेलिथ’ असे ऐकू येते. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, त्यामुळे ‘कोन्तेन्तो’ म्हणताना इंग्रजीच्या सवयीने ट आणू नये. ‘खेन्ते’मधला ख मात्र आपल्या ‘खरे’मधला नव्हे, तो घशातून घासत येणारा आहे. लिखित स्पेलिंग शब्दकोशातूनच पाहावे.

पायरी पहिली: माणसे मोजू नका, नाम पाहा

स्पॅनिशमध्ये विशेषण माणसांशी नव्हे तर नामाशी जुळते. समूहात किती माणसे आहेत, त्यात बायका किती, पुरुष किती, हा प्रश्न दुसरा. ज्या शब्दाने तुम्ही त्या समूहाचा उल्लेख केला त्या शब्दाचे लिंग आणि वचन काय, हा प्रश्न पहिला.

फुटबॉलचे उदाहरण घेऊ. राष्ट्रीय संघाला स्पॅनिशमध्ये ‘ला सेलेक्सिओन’ म्हणतात आणि हे नाम स्त्रीलिंगी, एकवचनी आहे. १८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये अर्जेंटिनाच्या पुरुष संघाने विश्वचषक जिंकला. मैदानावर सगळे पुरुष असले तरी वाक्य ‘ला सेलेक्सिओन एस्ताबा एमोसिओनादा’, म्हणजे संघ भारावून गेला होता, असेच होते. याच्या उलट स्थिती २० ऑगस्ट २०२३ ची. त्या दिवशी सिडनीत स्पेनच्या महिलांनी इंग्लंडला १–० असे हरवून विश्वचषक मिळवला. त्या संघाला ‘एल एकिपो’ म्हटले, तर सगळ्या स्त्रिया असूनही ‘एल एकिपो एस्ताबा एमोसिओनादो’ असे पुल्लिंगी विशेषण येते, कारण ‘एकिपो’ हा शब्द पुल्लिंगी आहे. त्याच प्रसंगाविषयी ‘खेळाडू स्त्रिया’ या अर्थाचा ‘लास खुगादोरास’ हा शब्द वापरला की विशेषण लगेच ‘एमोसिओनादास’ होते. प्रसंग एकच, भावना एकच, आणि विशेषणाचा शेवट मात्र आपण निवडलेल्या नामाबरोबर बदलतो.

म्हणून समूहवाचक शब्द पाठ करताना प्रत्येकाच्या पुढे त्याचे उपपद जोडूनच पाठ करावे. ‘ला खेन्ते’ म्हणजे लोक, ‘ला फामिलिआ’ म्हणजे कुटुंब, ‘ला मुल्तितुद’ म्हणजे जमाव, ‘ला क्लासे’ म्हणजे वर्ग, ‘ला पारेखा’ म्हणजे जोडपे. हे सगळे स्त्रीलिंगी आणि एकवचनी आहेत. ‘एल पुब्लिको’ म्हणजे प्रेक्षकवर्ग, ‘एल ग्रुपो’ म्हणजे गट, ‘एल पुएब्लो’ म्हणजे जनता किंवा गाव. हे पुल्लिंगी आणि एकवचनी. संघाच्या चाहत्यांना स्पेनमध्ये ‘ला आफिसिओन’ आणि अर्जेंटिनात ‘ला इन्चादा’ म्हणतात. दोन्ही स्त्रीलिंगी आहेत. ‘कुटुंब काळजीत आहे’ हे ‘ला फामिलिआ एस्ता प्रेओकुपादा’, आणि ‘प्रेक्षक खूश आहेत’ हे ‘एल पुब्लिको एस्ता कोन्तेन्तो’.

यात सर्वात जास्त काळजी ‘खेन्ते’ची घ्यावी लागते, कारण मराठीतला ‘लोक’ हा शब्द अनेकवचनी आणि पुल्लिंगी आहे, म्हणजे दोन्ही बाबतींत नेमका उलटा. कान ‘लोक दमलेले आहेत’ असे ऐकतो आणि जीभ ‘कान्सादोस’ म्हणून मोकळी होते. यावर एकच उपाय परिणामकारक ठरतो, तो म्हणजे ‘ला खेन्ते एस्ता कान्सादा’, ‘ला खेन्ते एस्ता फुरिओसा’, ‘ला खेन्ते एस्ता आसुस्तादा’ अशी पूर्ण वाक्ये मोठ्याने म्हणून तोंडात बसवणे. नियम आठवून वाक्य जुळवायला गेलात तर संभाषणात वेळ मिळत नाही.

‘तोदो एल मुन्दो’, म्हणजे शब्दशः सगळे जग आणि प्रत्यक्षात ‘सगळेजण’, हाही एकवचनी पुल्लिंगी आहे: ‘तोदो एल मुन्दो एस्ता कोन्तेन्तो’. पण नुसते ‘तोदोस’ म्हटले की अनेकवचन येते: ‘तोदोस एस्तान कोन्तेन्तोस’. ‘कोणीच खूश नाही’ हे ‘नादिए एस्ता कोन्तेन्तो’ असे एकवचनीच.

‘ला मायोरिआ’ म्हणजे बहुसंख्य. हा शब्द स्वतः स्त्रीलिंगी एकवचनी असला तरी त्याच्यामागे अनेकवचनी नाम आले आणि पुढे विशेषण जोडायचे असेल तर विशेषण आणि क्रियापद त्या मागच्या नामाकडे वळतात. ‘बहुतेक शेजारी संतापले होते’ हे ‘ला मायोरिआ दे लोस बेसिनोस एस्ताबान फुरिओसोस’ असे म्हणावे.

मिश्र समूह, आणि मराठीच्या तीन सवयी

पुरुष आणि स्त्रिया एकत्र असतील तर स्पॅनिश पुल्लिंगी अनेकवचन वापरते. ‘लोस पाद्रेस इ लास माद्रेस एस्तान प्रेओकुपादोस’, म्हणजे वडील आणि आया काळजीत आहेत. दहा मुली आणि एक मुलगा असला तरी शेवट ‘ओस’. केवळ स्त्रिया असतील तरच ‘आस’.

येथे मराठीची पहिली सवय आड येते. मिश्र समूहासाठी आपल्याकडे नपुंसकलिंगाची सोय आहे आणि ‘मुले घाबरलेली आहेत’ असे आपण सहज म्हणतो. ‘घाबरलेली’ हे रूप ऐकायला ‘घाबरलेली मुलगी’सारखेच लागते, त्यामुळे स्पॅनिशमध्ये बोलताना मन स्त्रीलिंगाकडे ओढले जाते. स्पॅनिश नामांना नपुंसकलिंग नाही. ‘मुले’ म्हणजे ‘लोस निन्योस’ आणि ती घाबरलेली असतील तर ‘आसुस्तादोस’.

दुसरी सवय आदरार्थी अनेकवचनाची, आणि ही फार खोल रुजलेली आहे. ‘सर रागावले आहेत’, ‘आजोबा दमले आहेत’, ‘वहिनी काळजीत आहेत’ या वाक्यांत माणूस एकच असतो, पण आपण रूप अनेकवचनी वापरतो, कारण तसे न करणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. स्पॅनिशमध्ये आदर वचनातून दाखवत नाहीत. ‘एल प्रोफेसोर एस्ता एनोखादो’, ‘एल आबुएलो एस्ता कान्सादो’ असे एकवचनच ठेवावे. त्यात अनादर नाही. समोरच्या वडीलधाऱ्या बाईंना ‘तुम्ही काळजीत आहात का?’ असे विचारायचे असेल तर ‘एस्ता उस्तेद प्रेओकुपादा?’ असे म्हणावे. त्या बाई चार मैत्रिणींसह बसल्या असतील तरच ‘एस्तान उस्तेदेस प्रेओकुपादास?’ मराठीतले एकच ‘तुम्ही’ या दोन्ही ठिकाणी चालते, म्हणून वाक्य सुरू करण्याआधी समोर एक माणूस आहे की अनेक, हे मनात ठरवून घ्यावे. स्पेनमध्ये जवळच्या लोकांच्या गटाला ‘बोसोत्रोस’ आणि फक्त स्त्रियांच्या गटाला ‘बोसोत्रास’ म्हणतात. लॅटिन अमेरिकेत दोन्हींसाठी ‘उस्तेदेस’ पुरते.

तिसरी सवय क्रियापदाची आहे. ‘मुली रागावल्या आहेत’ या एका वाक्यात आपण घडलेली क्रिया आणि सध्याची अवस्था दोन्ही सांगतो आणि शेवट दोन्ही अर्थांत मुलींप्रमाणे बदलतो. स्पॅनिशमध्ये याची दोन वेगळी वाक्ये होतात. अवस्था सांगायची तर ‘लास चिकास एस्तान एनोखादास’, येथे शेवट बदलतो. क्रिया सांगायची तर ‘लास चिकास से आन एनोखादो’, आणि येथे ‘एनोखादो’ मुळीच बदलत नाही, कारण ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदासोबत येणारे रूप कायम एकच राहते. ‘एस्तान’ दिसले तर जुळवा, ‘आन’ दिसले तर जसेच्या तसे ठेवा.

सर्वसमावेशक भाषेचा विषय येथे टाळता येणार नाही. अर्जेंटिनात आणि इतरही काही ठिकाणी, विशेषतः तरुणांमध्ये, मिश्र समूहासाठी ‘तोदोस’ऐवजी ‘तोदेस’ आणि ‘कोन्तेन्तोस’ऐवजी ‘कोन्तेन्तेस’ अशी रूपे वापरणारे लोक आहेत. १७१३ मध्ये स्थापन झालेली स्पेनची भाषा अकादमी ती मान्य करत नाही. माझे मत असे की ही रूपे कानावर पडली तर ओळखता यावीत, बोलणाऱ्याचा हेतू समजून घ्यावा, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र पुल्लिंगी अनेकवचनच लिहावे. भाषणात किंवा पत्रात दोघांचाही उल्लेख करायचा असेल तर ‘तोदास इ तोदोस’ हा सर्वत्र चालणारा मार्ग आहेच.

पायरी दुसरी: स्वभाव की अवस्था

‘आहे’ या एका क्रियापदासाठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत, आणि भावनांच्या बाबतीत निवड चुकली तर अर्थच पालटतो. हा भेद शिकवताना ‘कायमचे’ आणि ‘तात्पुरते’ असे सांगितले जाते, जे पुरेसे नाही. मराठीत याहून चांगला निकष तयार आहे. ‘रागीट’ आणि ‘रागावलेला’ यांत आपण गल्लत करत नाही. पहिला स्वभाव, दुसरी अवस्था. तसेच ‘भित्रा’ आणि ‘घाबरलेला’, ‘कंटाळवाणा’ आणि ‘कंटाळलेला’, ‘गर्विष्ठ’ आणि ‘अभिमान वाटणारा’. मनातल्या मराठी विशेषणाच्या शेवटी ‘-लेला’ येत असेल किंवा सहज लावता येत असेल, तर ‘एस्तार’ वापरावे. स्वभाव सांगणारा शब्द असेल तर ‘सेर’.

हा निकष किती उपयोगी पडतो ते ‘आबुर्रिदो’वरून दिसेल. ‘लोस आलुम्नोस एस्तान आबुर्रिदोस’ म्हणजे विद्यार्थी कंटाळलेले आहेत. ‘लोस आलुम्नोस सोन आबुर्रिदोस’ म्हणजे विद्यार्थी कंटाळवाणे आहेत. ‘लास माद्रेस एस्तान ओर्गुयोसास’ म्हणजे आयांना अभिमान वाटतो आहे; ‘लास माद्रेस सोन ओर्गुयोसास’ म्हणजे आया गर्विष्ठ आहेत. शाळेच्या कार्यक्रमात चुकून दुसरे वाक्य बोलले गेले तर समोरच्यांना काय वाटेल हे सांगायला नको.

‘कोन्तेन्तो’ नेहमी ‘एस्तार’सोबतच येतो. ‘फेलिस’ दोन्हींसोबत चालतो: ‘सोन फेलिसेस’ म्हणजे ते एकंदर सुखी आहेत, आणि ‘एस्तान फेलिसेस’ म्हणजे आत्ता, काहीतरी घडल्यामुळे, आनंदात आहेत. समूहाच्या भावनांचे वर्णन बहुतेक वेळा एखाद्या प्रसंगाचे असते, त्यामुळे शंका आली तर ‘एस्तार’ धरून चालावे.

पायरी तिसरी: विशेषणाचा शेवट

आता विशेषणांचे वर्ग, आणि हे झटपट पाहता येतील. ‘ओ’ने संपणाऱ्यांना चार रूपे असतात: ‘नेर्बिओसो, नेर्बिओसा, नेर्बिओसोस, नेर्बिओसास’. आपल्या ‘-लेला’च्या जागी येणारी ‘-आदो’ आणि ‘-इदो’ची सगळी विशेषणे याच वर्गात बसतात, आणि भावनांच्या शब्दांतला मोठा भाग त्यांचाच आहे. ‘ए’ने संपणाऱ्यांना दोनच रूपे: ‘त्रिस्ते, त्रिस्तेस’ (दुःखी), ‘आलेग्रे, आलेग्रेस’ (आनंदी), ‘इम्पासिएन्ते, इम्पासिएन्तेस’ (अधीर). येथे लिंगाची चिंता नाही. ‘इस्ता’ने संपणारेही दोनच रूपांचे आहेत, आणि पुरुषांसाठीसुद्धा ‘आ’ तसाच राहतो: ‘लोस खोबेनेस सोन ओप्तिमिस्तास’, तरुण आशावादी आहेत. ‘उत्साही’ या अर्थाचा ‘एन्तुसिआस्ता’ याच पठडीतला.

व्यंजनाने संपणाऱ्या शब्दांना अनेकवचनात ‘एस’ जोडतात. ‘फेलिस’चे ‘फेलिसेस’ होताना लिखाणात शेवटचा झेड जाऊन तिथे सी येतो. उच्चारात हा फरक कळत नसल्यामुळे लिहिताना चूक होते. मराठीतली बरीचशी भावनावाचक विशेषणे, म्हणजे ‘आनंदी’, ‘दुःखी’, ‘उदास’, ‘नाराज’, ‘संतप्त’, मुळीच बदलत नाहीत. म्हणून मनात ‘नाराज’ आणून ‘देस्कोन्तेन्तो’ शोधण्यापेक्षा मनात ‘नाराज झालेले’ किंवा ‘रुसलेल्या’ आणावे. मराठी शब्दच बदलणारा घेतला की स्पॅनिश शेवट आपोआप लक्षात येतो. ही सवय लावून घेण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

तीव्रता दाखवणारे ‘मुइ’ (खूप), ‘बास्तान्ते’ (बरेच), ‘उन पोको’ (थोडेसे) आणि ‘देमासिआदो’ (फारच) हे शब्द विशेषणाआधी आले की बदलत नाहीत: ‘लास ओब्रेरास एस्तान देमासिआदो कान्सादास’, कामगार बायका फारच दमलेल्या आहेत. ‘इसिमो’ जोडून तीव्रता वाढवली तर मात्र तो शेवट बदलतो: ‘एस्तामोस कोन्तेन्तिसिमास’ असे फक्त स्त्रियांचा गट म्हणेल.

न बदलणाऱ्या शब्दाचे एक प्रसिद्ध उदाहरण चिलीचे आहे. ५ ऑगस्ट २०१० रोजी उत्तर चिलीतल्या कोपिआपोजवळची सान खोसे ही खाण कोसळून तेहतीस कामगार आत अडकले. सतरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, वरून खोदलेल्या छिद्रातून परत आलेल्या यंत्राला एक चिठ्ठी बांधलेली सापडली. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिले होते: ‘एस्तामोस बिएन एन एल रेफुखिओ लोस ३३’, म्हणजे आसऱ्याच्या जागेत आम्ही तेहतीसही जण ठीक आहोत. यात ‘बिएन’ हे क्रियाविशेषण आहे आणि तेहतीस माणसांसाठीही ते तसेच राहते. ‘बिएनेस’ असे लिहिले तर त्याचा अर्थ मालमत्ता असा होईल. शिवाय कर्ता ‘लोस ३३’ असा वाक्याच्या शेवटी आहे आणि तरी क्रियापद ‘आम्ही’चे आहे. समूहात स्वतःचा समावेश करून बोलण्याची ही स्पॅनिशमधली अगदी स्वाभाविक पद्धत आहे, आपल्या ‘आम्ही सगळे’सारखी. त्याच माणसांनी ‘आम्ही शांत आहोत’ असे विशेषणाने लिहिले असते तर ‘एस्तामोस त्रान्किलोस’ झाले असते. खाणीबाहेर नातेवाइकांनी ‘काम्पामेन्तो एस्पेरान्सा’, म्हणजे आशेची छावणी, उभारली होती. त्यांच्याविषयी ‘लास फामिलिआस एस्ताबान एस्पेरान्सादास’, कुटुंबे आशा धरून होती, असे म्हणता येते. कुटुंबांत बाप आणि भाऊ असले तरी ‘फामिलिआस’ स्त्रीलिंगी असल्यामुळे शेवट ‘आस’.

पायरी चौथी: नेमका शब्द निवडणे

रागासाठी लॅटिन अमेरिकेत ‘एनोखादो’ आणि स्पेनमध्ये ‘एन्फादादो’ अधिक चालतो. किरकोळ चिडचिड ‘मोलेस्तो’, भडकलेला राग ‘फुरिओसो’, आणि अन्यायाविरुद्धचा संताप ‘इन्दिग्नादो’. या शेवटच्या शब्दाला स्पेनमध्ये राजकीय इतिहास आहे. १५ मे २०११ पासून माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात जमलेल्या आंदोलकांना ‘लोस इन्दिग्नादोस’ म्हटले गेले. विशेषणाला उपपद जोडले की त्याचे नाम होते आणि समूहाची ओळखच त्या भावनेने होऊ लागते, जसे आपण ‘गांजलेले’, ‘पीडित’ म्हणतो. नियम येथेही तेच लागू होतात. फक्त स्त्रियांचा गट असेल तर ‘लास इन्दिग्नादास’.

उत्सुकता आणि उत्साहासाठी ‘एमोसिओनादो’, ‘एन्तुसिआस्मादो’ किंवा, विशेषतः स्पेनमध्ये, ‘इलुसिओनादो’ वापरावा. इंग्रजी शब्दाशी साम्य आहे म्हणून ‘एक्सितादो’ वापरू नये. त्याला लैंगिक छटा येते आणि शाळकरी मुलांच्या गटाविषयी तो वापरणे फारच वाईट दिसेल. ओशाळलेपणासाठी ‘आबेर्गोन्सादो’ आहे. ‘एम्बारासादा’ हा शब्द ओळखीचा वाटला तरी त्याचा अर्थ गरोदर असा आहे.

भावना निर्माण करणारी गोष्ट आणि भावना अनुभवणारा समूह यांतही फरक ठेवावा. चिंताजनक बातमी ‘प्रेओकुपान्ते’ असते आणि चिंतेत पडलेले लोक ‘प्रेओकुपादोस’. निराशाजनक सामना ‘देसेप्सिओनान्ते’, निराश झालेले चाहते ‘देसेप्सिओनादोस’. ‘-जनक’ आणि ‘-लेला’ ही मराठी जोडी डोळ्यांसमोर ठेवली तर चूक होत नाही.

काही भावना स्पॅनिश विशेषणाने न सांगता नामाने सांगते: ‘लोस निन्योस तिएनेन मिएदो’, मुलांना भीती वाटते आहे. येथे ‘मिएदो’ बदलत नाही, कारण ते नाम आहे. याउलट ‘आनंदाने वेडे होणे’ हा आपला प्रयोग स्पॅनिशमध्ये जवळजवळ जसाच्या तसा आहे, ‘लोकोस दे आलेग्रिआ’, आणि त्यात ‘लोको’ हे विशेषण असल्याने बायकांसाठी ‘लोकास दे आलेग्रिआ’ होते. भीतीने अर्धमेले झालेले ‘मुएर्तोस दे मिएदो’, आशेने भरलेल्या ‘येनास दे एस्पेरान्सा’. सगळीकडे पहिला शब्द जुळवायचा आणि ‘दे’च्या पुढचे नाम जसेच्या तसे ठेवायचे.

भावना कोणाविषयी हे सांगताना ‘वर’, ‘चा’, ‘ची’ यांच्या जागी कोणते शब्दयोगी येते ते विशेषणासोबतच शिकावे. कोणावर रागावलेले असल्यास ‘कोन’ येतो: ‘एनोखादोस कोन एल गोबिएर्नो’, सरकारवर रागावलेले. कशाची काळजी असल्यास ‘पोर’: ‘प्रेओकुपादास पोर सुस इखोस’, आपल्या मुलांच्या काळजीत असलेल्या. कोणाचा अभिमान किंवा कशाचा वीट असल्यास ‘दे’: ‘ओर्गुयोसोस दे सु एकिपो’, ‘आर्तोस दे एस्पेरार’, म्हणजे वाट पाहून वैतागलेले.

पायरी पाचवी: ‘एस्तार’च्या पलीकडे

सगळी वाक्ये ‘एस्तान’ने लिहिली तर वर्णन निर्जीव होते. भावना बदलली हे सांगायला ‘पोनेर्से’ वापरतात: ‘लास आक्त्रिसेस से पुसिएरोन नेर्बिओसास’, नट्या अस्वस्थ झाल्या. एखाद्या घटनेनंतर समूह ज्या अवस्थेत राहिला ती ‘केदार्से’ने सांगतात: ‘लोस तुरिस्तास से केदारोन सोर्प्रेन्दिदोस’, पर्यटक चकित होऊन राहिले. ‘सेन्तिर्से’ म्हणजे वाटणे: ‘नोस सेन्तिमोस आग्रादेसिदास’, आम्हाला कृतज्ञता वाटते, असे स्त्रिया म्हणतील.

आणखी एक जागा अशी आहे जिथे मराठी माणूस हमखास क्रियाविशेषण शोधतो. ‘मुले आनंदाने घरी परतली’ यातले ‘आनंदाने’ आपल्याला परतण्याच्या क्रियेशी जोडलेले वाटते. स्पॅनिशमध्ये ती भावना मुलांची मानली जाते आणि विशेषण मुलांशी जुळते: ‘लोस निन्योस बोल्बिएरोन कोन्तेन्तोस आ कासा’. ‘बायका शांतपणे वाट पाहत होत्या’ हे ‘लास मुखेरेस एस्पेराबान त्रान्किलास’. हा प्रयोग साधला की लिखाण लगेच अस्सल वाटू लागते, म्हणून त्याचा सराव मुद्दाम करावा.

एकाच गटात दोन भावना असतील तर ‘उनोस’ आणि ‘ओत्रोस’ यांनी गट विभागावा: ‘उनोस एस्ताबान कोन्तेन्तोस इ ओत्रोस, देसेप्सिओनादोस’. दुसऱ्या भागात क्रियापद गाळले तरी चालते, विशेषणाचा शेवट गाळता येत नाही.

एक पूर्ण परिच्छेद

२०२२ च्या अंतिम सामन्यानंतरच्या ब्वेनोस आयरेसचे वर्णन करणारा, सरावासाठी रचलेला हा छोटा उतारा पाहा.

‘ला खेन्ते सालिओ एउफोरिका आ ला काये. लोस खोबेनेस एस्ताबान लोकोस दे आलेग्रिआ. लास आबुएलास, एमोसिओनादास, योराबान एन लोस बाल्कोनेस. ला इन्चादा, के से आबिआ पुएस्तो मुइ नेर्बिओसा कोन लोस पेनालेस, या एस्ताबा त्रान्किला इ फेलिस. तोदो एल मुन्दो एस्ताबा ओर्गुयोसो दे ला सेलेक्सिओन.’

अर्थ असा: लोक जल्लोष करत रस्त्यावर आले. तरुण आनंदाने वेडे झाले होते. आज्या भारावून गॅलरीत रडत होत्या. पेनल्टीच्या वेळी फार अस्वस्थ झालेले चाहते आता शांत आणि आनंदी होते. सगळ्यांना संघाचा अभिमान वाटत होता.

‘एउफोरिका’ हे ‘खेन्ते’शी जुळले आहे आणि मराठीत ‘जल्लोष करत’ असे क्रियाविशेषणासारखे आलेले आहे. ‘एमोसिओनादास’च्या आधी क्रियापदच नाही, तरी ते आज्यांना धरून आहे. सर्वात बारकाईने पाहावे असे वाक्य चौथे: ‘आबिआ पुएस्तो’मधले ‘पुएस्तो’ बदललेले नाही, कारण ते ‘आबेर’सोबत आहे, आणि लगेच पुढे आलेले ‘नेर्बिओसा’ मात्र ‘इन्चादा’प्रमाणे स्त्रीलिंगी झाले आहे. ‘मुइ’ जागच्या जागी आहे. शेवटच्या वाक्यात ‘तोदो एल मुन्दो’ पुल्लिंगी असल्यामुळे ‘ओर्गुयोसो’. अभिमान ज्या संघाचा आहे तो शब्द स्त्रीलिंगी असला तरी त्याचा या विशेषणाशी संबंध नाही. उतारा अर्जेंटिनाच्या माणसाने वाचला तर ‘काये’ ऐवजी ‘काशे’ आणि ‘योराबान’ ऐवजी ‘शोराबान’ ऐकू येईल.

आता हाच उतारा ‘खेन्ते’च्या जागी ‘लोस बेसिनोस’, ‘खोबेनेस’च्या आधी ‘लोस’ऐवजी ‘लास’, ‘इन्चादा’च्या जागी ‘एल पुब्लिको’ आणि ‘तोदो एल मुन्दो’च्या जागी ‘तोदास’ घालून पुन्हा लिहावा. एकही भावना बदलत नाही, पण विशेषणे आणि काही क्रियापदे बदलावी लागतात. ‘फेलिस’ मात्र तसेच राहते, आणि का राहते हे स्वतःशी सांगता आले पाहिजे.

पुढच्या सरावासाठी स्पेनच्या ‘एल पाइस’ किंवा अर्जेंटिनाच्या ‘क्लारिन’ या दैनिकांतल्या छायाचित्रांखालच्या ओळी उत्तम आहेत, कारण त्या लहान असतात आणि त्यांत बहुधा माणसांचा एखादा गट असतो. ओळीतल्या भावनावाचक विशेषणाचे शेवटचे अक्षर बोटाने झाकावे, आधीचे नाम शोधून शेवट स्वतः ठरवावा आणि मग बोट उचलून पाहावे. नाम त्या ओळीत सापडले नाही आणि विशेषण एकटेच आले असेल, तर उलट दिशेने जावे: ‘एमोसिओनादास’ एवढाच शब्द असेल तर छायाचित्रात कोण असू शकेल आणि कोण असू शकत नाही, हे चित्र न पाहता सांगून पाहावे.